मेटल डिटेक्टर घेतलास ना, मग हे आधी वाच

अरे बाबा, सगळ्यात आधी जुन्या गोव्याचा (ओल्ड गोवा, तिथे संरक्षित स्मारकं आहेत) नाद सोड. संरक्षित स्मारक आणि त्याच्या भोवतालचे १०० मीटर यात खणायचं नाव पण काढायचं नाही. भाटात, म्हणजे कोणाच्या बागायतीत जायचं तर भाटकाराची, म्हणजे जमीनमालकाची परवानगी घे, ती पण लेखी.

२०२३ ला गोव्यातच सत्तरी तालुक्यात नानोडा बांबरला काजूच्या बागेत मडकं मिळालं, ८३२ नाणी, पण तांब्याची हां, सोन्याची नव्हेत! गोव्याच्या जुन्या कदंब राजांचं सिंहवालं सोन्याचं नाणं सापडेल म्हणून निघालास तर पहिलं वर्ष सोड्याची बुचंच मिळणार, माझा डबा अजून भरलेला आहे.

आणि खरंच काही लागलं तर हात आवर. इंग्लंडात हॉक्सनला १९९२ ला एक जण मित्राचा हरवलेला हातोडा शोधत होता, निघाली रोमन काळातली सोन्याचांदीची जवळपास १५ हजार नाणी, तर पठ्ठ्याने सगळं उपसलं नाही, कळवलं, मग पुरातत्त्ववाल्यांनी नीट काढलं म्हणून कुठली वस्तू कशात ठेवलेली ते कळलं. हातोडापण म्युझियममध्ये गेला, बोल!

आपल्याकडे १८७८ चा कायदा आहे, दहा रुपयांच्या वरचं पुरलेलं धन मिळालं की कलेक्टरला लेखी कळवायचं, काय मिळालं, कुठे, कधी. लपवलंस तर वाटा जातो, वर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. मालक कोणी निघाला नाही आणि सरकारने घेतलं नाही, तर वेगळा करार नसल्यास तीन हिस्से तुझे, एक भाटकाराचा.

आणि नाणं घासायचं नाही रे, चिंचेने तर मुळीच नाही.