बाइट का गळतात?

प्रश्न : ३८६ या जुन्या पीसीवर डॉसचा बीबीएस (मोडेमने जोडून संदेश आणि फाइलींची देवघेव करायचा फलक) चालवतो, सिरियल पोर्टला वायफाय मोडेम (जुन्या मोडेमसारखा वागून वायफायला जोडणारा). सेकंदाला ९६०० बिटच्या वेगाला सुरळीत. ३८४०० ला कुणी फाइल अपलोड केली की झेडमोडेम (फाइल पाठवण्याची पद्धत) सीआरसीच्या, म्हणजे डेटा-तपासणीच्या, चुका दाखवतो. मोडेम बदलू का?

उत्तर : नको. एमएसडी (डॉसवरचा तपासणी प्रोग्राम) चालवून पोर्टची चिप पाहा. बहुधा ८२५० किंवा १६४५० निघेल. तिच्यात एकच बाइट थांबतो, आणि ३८४०० ला दर ०.२६ मिलिसेकंदाला पुढचा येतो. डिस्कवर लिहिताना प्रोसेसर तेवढा अडकला की बाइट गेलाच. १६५५०ए चिपचं आयएसए (जुन्या पीसीतल्या स्लॉटचं) कार्ड बसवा. तिथे १६ बाइट मावतात. ‘ए’ नसलेली १६५५० टाळा, तिचा बफर (बाइट थांबायची जागा) सदोष आहे. मोडेम आणि फॉसिल ड्रायव्हर (बीबीएस आणि पोर्ट यांतला दुवा), दोन्हींत आरटीएस-सीटीएस (‘थांब’ आणि ‘पाठव’ सांगणारे संकेत) चालू करा. तीन तारांची केबल इथे कुचकामी. हे संकेत नेणाऱ्या, नऊ पिनी कनेक्टरच्या ७ आणि ८ या पिन जोडलेल्या हव्यातच. जोडणी टिकून आहे का ते सांगणारी पिन १ सुटली असेल, तर कॉल करणारा गेल्याचं बीबीएसला कळत नाही.