मूल प्रार्थनेला बसत नाही, तेव्हा

“संध्याकाळी प्रार्थनेला बस म्हटलं की पळतो. बसलाच तर सारखी चुळबुळ. काय करावं?” गोव्यातल्या सासष्टी तालुक्यातल्या ख्रिस्ती कुटुंबांबरोबर काम करताना हा प्रश्न माझ्याकडे वारंवार येतो. विचारणाऱ्या आईच्या मनात खरी भीती वेगळीच असते. आज प्रार्थना सुटली, उद्या श्रद्धा सुटली तर? अशाच एका घराची हकिगत त्यांच्या परवानगीनं सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

कुटुंब मूळचं वसईकडचं, कॅथलिक. वडील वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत औषध कंपनीत नोकरीला, म्हणून मडगावात भाड्यानं राहायला आलेले. सोबत आजी, 14 वर्षांची मुलगी आणि 8 वर्षांचा मुलगा. मुलाचं फर्स्ट कम्युनियन, म्हणजे चर्चमध्ये पहिल्यांदा ख्रिस्तप्रसाद घेण्याचा विधी, तोंडावर आलेलं. संध्याकाळी चर्चची घंटा झाली की याच्या पोटात दुखायला लागायचं आणि तो बाथरूममध्ये जाऊन बसायचा. डॉक्टरांना दाखवून झालं, काही निघालं नाही. मग रागावून झालं, मोबाइल काढून घेऊन झाला, “देव बघतोय हं” असंही सांगून झालं. 1992 साली प्रसिद्ध झालेल्या कॅथलिक चर्चच्या धर्मशिक्षण ग्रंथात ख्रिस्ती कुटुंबाला प्रार्थना शिकण्याची पहिली जागा म्हटलं आहे. आईनं ते एका प्रवचनात ऐकलं होतं आणि तेव्हापासून तिच्या जिवाला घोर लागला होता.

बोलता बोलता ती सहज तक्रारीच्या सुरात म्हणाली, “वरच्या मजल्यावर घरमालकीणबाईंकडे तेर्साला मात्र शेवटपर्यंत बसतो. कोंकणी अर्धी कळत नाही, तरी.”

मी तिथंच थांबले. तेर्स म्हणजे तीच जपमाळ, येशू-मारियेच्या जीवनातल्या प्रसंगांची तीच पाच रहस्यं, तेच 53 वेळा ‘नमो मारिया’, तीच वीसेक मिनिटं. म्हणजे मूल कंटाळत होतं, हे कारण पुरेसं नव्हतं.

पुढच्या भेटीत मुलाला लाकडी बाहुल्या दिल्या आणि दोन्ही घरांतली प्रार्थना मांडून दाखव म्हटलं. वरच्या घरातली माणसं त्यानं वेदीकडे तोंड करून गोलात बसवली. स्वतःच्या घरातल्या चार बाहुल्या एका ओळीत मांडल्या आणि पाचवी त्यांच्यासमोर, एकटी, त्यांच्याकडे तोंड करून.

“ही कोण?”

“मी.”

“समोर का बसलास?”

“सगळे माझंच सांगतात ना देवाला.”

मग त्यानं हुबेहूब आवाज काढून दाखवले. पप्पा: “प्रभू, याला बुद्धी दे, याची खोटं बोलायची सवय मोड.” मम्मी: “आज यानं वर्गात मारामारी केली, याला क्षमा कर.” आजी: “ताईसारखा शहाणा होऊ दे गं मारिये.” जपमाळेनंतर प्रत्येकानं आपापल्या विनंत्या मोठ्यानं मांडायच्या, अशी या घरची चांगली रीत होती. पण त्या विनंत्यांत रोज या पोराच्या चुकांचा पाढा वाचला जात होता, तोही देवासमोर, सगळ्यांच्या देखत. उलट उत्तर द्यायची सोय नाही, कारण बोलणं देवाशी चाललेलं. आणि वरच्या घरात? “तिथं शेवटी सगळी मुलं बेसांव मागतात. आंटी डोक्यावर हात ठेवते.” गोव्यात तेर्स झाल्यावर मोठ्यांकडून आशीर्वाद घ्यायची ही रीत गोवेकरांना सांगायला नको. बाहेरून आलेल्या या मुलाला तिचं मोल नेमकं कळलं होतं.

आईवडिलांना हे सांगितलं तेव्हा आईचे डोळे भरून आले. त्यांनी हे सारं प्रेमानंच केलं होतं, याबद्दल मला जराही शंका नाही. आपल्याला मुलाची जी काळजी वाटते तीच देवापुढे ठेवावी, असं कुठल्याही आईबापाला वाटतं. पण मुलाच्या कानावर पडताना त्या काळजीची तक्रार झालेली असते. माझं ठाम मत आहे की मुलाला जे तोंडावर शांतपणे सांगायचं, ते प्रार्थनेतून सुनवू नये. त्यानं मूल सुधारत तर नाहीच, वर देव हा आपल्या विरुद्ध बाजूला बसलेला कोणीतरी आहे, असं त्याच्या मनात पक्कं होतं.

बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानातला 18वा अध्याय आम्ही तिघांनी मिळून वाचला. मंदिरात दोघे प्रार्थनेला जातात. परूशी, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणारा, दूर उभ्या जकातदाराकडे बोट दाखवतो. जकातदार ऊर बडवून एवढंच म्हणतो, “हे देवा, मज पाप्यावर दया कर.” वडील बराच वेळ त्या पानाकडे बघत राहिले. मी विचारलं, “घरच्या प्रार्थनेत तुम्ही स्वतःसाठी मोठ्यानं शेवटचं काय मागितलंत?” त्यांना आठवेना. कामाचा ताण होता, कर्जाचे हप्ते होते, पण घरातल्या कोणी ते त्यांच्या तोंडून देवापुढे कधी ऐकलंच नव्हतं.

त्याच शुभवर्तमानाच्या 11व्या अध्यायाचा मला फार आधार वाटतो. येशू एके ठिकाणी प्रार्थना करत असतो. त्याची प्रार्थना संपल्यावर एक शिष्य म्हणतो, आम्हालाही शिकवा. आधी पाहिलं, मग मागितलं. घरातही क्रम तोच असतो. मुलानं मोठ्या माणसाला स्वतःची गरज, स्वतःची चूक, स्वतःचा आनंद देवाला सांगताना ऐकलं, की शिकवण्याचं निम्मं काम तिथंच होतं. येशूनं त्यावर शिकवलेली प्रार्थनाही ‘आम्हाला दे’, ‘आम्हाला क्षमा कर’ अशीच आहे. क्षमा मागणाऱ्यांच्या रांगेत बापही आला.

ठरलं ते असं. महिनाभर विनंत्यांत मुलाचं नाव घेऊन सुधारणा मागायची नाही. प्रत्येकानं स्वतःचं एक सांगायचं, पण मुलाला झेपेल एवढंच. कर्जाचे आकडे आठ वर्षांच्या पोराच्या डोक्यावर टाकायचे नाहीत. पहिल्या संध्याकाळी वडील म्हणाले, “प्रभू, आज मी एका माणसावर उगाच ओरडलो. मला क्षमा कर.” दुसऱ्या दिवशी ते कामावरून आल्या आल्या मुलानं विचारलं, “पप्पा, त्या काकांना सॉरी म्हणालात?” म्हणाले नव्हते. मग त्याच्या पुढच्या दिवशी म्हणावं लागलं.

मुलासाठी जपमाळ थोडी लहान करावी, असंही मी सुचवलं होतं. आजीचा विरोध मात्र त्याला होता. “आम्ही गुडघ्यांवर बसून पूर्ण करायचो,” त्या म्हणाल्या. त्यांच्या जपमाळेला हात लावायचं मला कारणच नव्हतं. त्यांनी पाचही रहस्यं करावीत, मुलानं एक करावं आणि ते त्यानंच चालवावं, यावर त्या राजी झाल्या. गुरुवारी प्रकाशाची रहस्यं असतात, पोप जॉन पॉल दुसरे यांनी 2002 मध्ये जोडलेली. त्यातलं काना गावच्या लग्नाचं रहस्य मुलानं हट्टानं मागून घेतलं.

आणि तिथंच आईला हवं असलेलं उत्तर सापडलं. तिनं विचारलं होतं, “मग मी माझ्या मुलासाठी प्रार्थनाच करायची नाही का?” लग्नात द्राक्षारस संपतो तेव्हा मारिया येशूला एवढंच सांगते, की त्यांच्याजवळ द्राक्षारस उरला नाही. यजमानानं हिशेब चुकवला, असं ती म्हणत नाही. उणीव सांगते, दोष सांगत नाही. मुलासाठी अशी प्रार्थना जरूर करावी: “त्याला गणिताची भीती वाटते, त्याच्याजवळ राहा.” तीही त्याला आधी विचारून. तो नको म्हणाला तर रात्री तो झोपल्यावर मनातल्या मनात.

पोटदुखी हळूहळू कमी झाली. चुळबुळ आहेच, आठ वर्षांच्या मुलाची ती असणारच. आता शेवटी तो आजीकडूनही बेसांव मागतो आणि वसईच्या आजी तो शब्द गोव्यात येऊन शिकल्या आहेत.

इथं एक वेगळी गोष्ट सांगायलाच हवी. एखादं मूल प्रार्थना चुकली म्हणून पुन्हा पुन्हा पहिल्यापासून म्हणत असेल, मनात पाप आलं या धास्तीनं झोपत नसेल, तर तो भक्तीचा किंवा हट्टाचा प्रश्न समजू नका. त्याला तज्ज्ञाकडे न्या. गोव्यात बांबोळीच्या आयपीएचबी या मनोरुग्णालयात मानसोपचाराची सोय आहे. तिथं जाण्यात श्रद्धेला उणेपणा नाही.

ताईचं काय, हे वडिलांनी नंतर फोनवर विचारलं. घरात हे सगळं बदलल्यावर 14 वर्षांची ती म्हणाली होती, “मी बसेन, पण मोठ्यानं काही सांगणार नाही.” वर्षानुवर्षं तिला शहाणपणाचा नमुना म्हणून पुढे केलं होतं, तिलाही त्याचं ओझं झालंच असणार. मी त्यांना म्हटलं, बसू द्या तशीच, आणि उठल्यावर काय मागितलंस म्हणून विचारू नका.