‘सचित्र’ कुराण आणि त्याची ‘जिल्द’: दोन शब्दांविषयी

एका वाचकाने विचारले आहे, की ममलूक काळातील (ममलूक म्हणजे मध्ययुगीन इजिप्त-सीरियाचे सुलतान) कुराणाच्या एका हस्तलिखिताचे इंग्रजी वर्णन मराठीत आणताना ‘इल्युमिनेटेड’, म्हणजे सोन्याने आणि रंगांनी सजवलेले, या विशेषणासाठी ‘सचित्र’ लिहावे की ‘प्रकाशित’ लिहावे. आणि त्याच वर्णनात ‘चामडी जिल्द’ असा शब्दप्रयोग करायचा झाला तर जिल्द म्हणजे नेमके काय, कातडे, बांधणी की ग्रंथाचा खंड?

‘प्रकाशित’ आधी बाजूला काढू. मूळ लॅटिन क्रियापदात उजळण्याचा अर्थ आहे, म्हणून कोणाला हा शब्द सुचत असेल. पण मराठीत प्रकाशित हा शब्द ग्रंथाला लागला, की तो छापून बाजारात आला असाच अर्थ होतो. ‘प्रकाशित हस्तलिखित’ वाचून कोणताही वाचक ते कोणत्या प्रकाशनाचे, असेच विचारील.

‘सचित्र’ हा शब्द मात्र अधिक फसवा आहे, कारण तो ऐकायला बरोबर वाटतो. कुराणाच्या हस्तलिखितांत माणसांची किंवा प्राण्यांची चित्रे काढत नाहीत. ममलूक कुराणाचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण घेऊ. कैरोमध्ये हिजरी 704 ते 705 या काळात, म्हणजे इ. स. 1304 ते 1306 च्या दरम्यान, रुक्नुद्दीन बैबर्स या अमिराने सात भागांत एक कुराण लिहवून घेतले. ते आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. हा बैबर्स पुढे 1309 मध्ये थोड्या काळासाठी सुलतान झाला. त्याचे उपपद अल-जाशनगीर, म्हणजे सुलतानापुढे येणारे अन्न आधी चाखून पाहणारा अधिकारी. आपल्या ‘चाशनी’चा मूळ फारसी अर्थ चव, चाखणे असा आहे, हे त्या पदनामावरून सहज लक्षात राहते. या कुराणात प्रत्येक पानावर सहा ओळी आहेत, त्या सुलुस वळणाच्या मोठ्या अक्षरांत सोन्याने लिहिलेल्या आहेत, आणि प्रत्येक भागाच्या आरंभी समोरासमोरची दोन्ही पाने भूमितीच्या आकृत्या आणि वेलपत्ती यांनी भरलेली आहेत. सातही भागांत चित्र एकही नाही. याला ‘सचित्र’ म्हणणारा अनुवादक वाचकाला नसलेली गोष्ट शोधायला लावतो.

ज्याला खरोखर सचित्र म्हणावे असे अरबी हस्तलिखित पाहायचे असेल, तर अल-हरीरीच्या ‘मकामात’ या कथासंग्रहाची 1237 साली याह्या अल-वासिती याने लिहिलेली आणि चितारलेली प्रत पाहावी, ती पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. तिच्यात मशिदी, उंटांचे कळप, गुलामांचा बाजार, वाद घालणारी माणसे असे सारे काही दिसते. वासिती हा त्या प्रतीचा लेखकू आणि चित्रकार दोन्ही होता. बैबर्सच्या कुराणात मात्र लिहिणारा वेगळा आणि सजवणारे वेगळे आहेत: सुलेखन मुहम्मद इब्न अल-वहीद याचे, आणि सजावट अबू बक्र ऊर्फ संदल, मुहम्मद इब्न मुबादिर आणि आयदुग्दी इब्न अब्दुल्ला अल-बद्री या तिघांची. ग्रंथ सजवणारे आपले नाव नोंदवतात आणि ते नाव सातशे वर्षे टिकते, यावरून या कामाचा मान कळतो. तेव्हा त्याला स्वतंत्र नाव देण्यात कंजुषी करू नये.

अरबी-फारसीत ते नाव आहेच. चित्र काढणे म्हणजे ‘तस्वीर’, आणि ते काढणारा ‘मुसव्विर’. हाच शब्द मराठीत ‘तसबीर’ होऊन भिंतीवर टांगला गेला आहे. रेखीव आकृती काढणे म्हणजे ‘नक्श’. त्यातून आपल्याकडे नक्षी आली, नक्षीकाम आले आणि नकाशाही आला. सोन्याने ग्रंथ सजवण्याला मात्र ‘तजहीब’ म्हणतात, आणि ते करणारा तो ‘मुजह्हिब’. याच्या मुळाशी ‘जहब’ म्हणजे सोने हा अरबी शब्द आहे. अरबी उच्चारातला जिभेचे टोक दातांत धरून काढलेला ‘ध’सारखा ध्वनी फारसीत आणि उर्दूत ‘ज’ होतो, म्हणून ही वर्णरचना. येथे एक सावधगिरीची सूचना करावीशी वाटते. आपल्या परिचयाचा ‘तहजीब’ हा शब्द वेगळा आहे. त्याचा अर्थ संस्कार, शिष्टाचार असा आहे आणि त्याच्या धातूत तीच तीन व्यंजने निराळ्या क्रमाने येतात. ‘जह’ आणि ‘हज’ यांची अदलाबदल झाली की सोन्याचे काम सभ्यतेत बदलते, आणि मुद्रितशोधकाच्या ते लक्षातही येत नाही.

म्हणजे आपल्याकडे तसबीर आली, नक्षी आली, पण तजहीब आली नाही, आणि नेमक्या त्या रिकाम्या जागी ‘सचित्र’ येऊन बसते. ‘मुलामा दिलेले हस्तलिखित’ असाही एक पर्याय कोणी सुचवील. तो मला मान्य नाही, कारण मराठीत मुलाम्याला वरवरच्या, आतून हलक्या वस्तूचा वास लागलेला आहे, आणि येथे तर सोने खरे असते. ते कसे वापरत, हे पाहिले तर योग्य शब्द निवडणे सोपे जाते. सोन्याचा वर्ख डिंकाच्या पाण्यात किंवा मधात बराच वेळ खलून त्याची भुकटी करायची, ती पाण्याने धुऊन खाली बसू द्यायची, वरचे पाणी ओतून टाकायचे, आणि उरलेली भुकटी डिंकात कालवून कुंचल्याने किंवा लेखणीने लावायची. वाळल्यावर ती अकिकासारख्या कठीण, गुळगुळीत दगडाने घोटायची. घोटल्याशिवाय सोने मातकट दिसते. मग आकृतीच्या कडेने काळी बारीक रेघ काढायची आणि मधल्या जागेत लाजवर्दी निळा भरायचा. (वर्ख हा शब्दही ग्रंथांच्याच जगातला आहे: अरबी ‘वरक’ म्हणजे झाडाचे किंवा कागदाचे पान, आणि मध्ययुगीन बगदादमध्ये कागद विकणाऱ्या, ग्रंथ नकलून देणाऱ्या व्यावसायिकाला ‘वर्राक’ म्हणत. मराठीत तो मिठाईवर जाऊन बसला.)

माझ्या मते मराठीत ‘सुवर्णालंकृत हस्तलिखित’ असे लिहावे. निळा, लाल, हिरवा हे रंगही त्यात असतात हा आक्षेप खरा आहे. पण अरबी नावानेही सोन्यावरच बोट ठेवले आहे, आणि सोने काढून घेतले तर उरते ती नुसती रंगीत नक्षी. जेथे संदर्भ कलेच्या इतिहासाचा आहे तेथे पहिल्या उल्लेखाला ‘तजहीब, म्हणजे सोनेरी अलंकरण’ असे लिहून पुढे तजहीब हाच शब्द चालवायला हरकत नाही. ज्यात चित्रे आणि सोनेरी सजावट दोन्ही आहेत अशा प्रतीला ‘सचित्र व सुवर्णालंकृत’ म्हणावे. तेथे दोन विशेषणे लागतात कारण कामे दोन आहेत.

सजावटीच्या भागांची नावे अनुवादात वारंवार लागतात, म्हणून थोडक्यात सांगतो. आरंभीच्या पानावरचे वर्तुळाकार, किरणे फुटल्यासारखे आकृतिबंध ते ‘शम्सा’, शम्स म्हणजे सूर्य यावरून. मजकुराच्या डोक्यावरची आडवी सजवलेली पट्टी ती ‘उन्वान’, म्हणजे शीर्षक. मजकुराभोवतीच्या रंगीत-सोनेरी रेघा त्या ‘जदवल’. यासाठी आपला ‘आखणी’ हा शब्द पुरेसा आहे. ‘हाशिया’ म्हणजे आपला समास. कुराणात ही सजावट केवळ शोभेची नसते: आयतीच्या शेवटी लहान सोनेरी फूल, दर पाच आणि दर दहा आयतींनंतर समासात वेगळी खूण, प्रत्येक सूरेच्या, म्हणजे अध्यायाच्या, आरंभी तिच्या नावाची पट्टी, अशी ती वाचणाऱ्याला थांबे दाखवते. म्हणून ‘अलंकरण’ लिहितानाही ते मजकुराच्या कामात गुंतलेले आहे हे वाक्यरचनेतून कळेल असे पाहावे.

ही कामे एकाच माणसाची नसत, याचा एक सुंदर पुरावा पंधराव्या शतकातील हेरातमधला आहे. तैमूरचा नातू बायसुंगुर याच्या ग्रंथशाळेतील कोणते काम कुठवर आले याचा अहवाल तेथल्या प्रमुखाने त्याला लिहून पाठवला होता. तो इस्तंबूलच्या तोपकापी संग्रहात टिकून आहे. त्यात चित्रकार, सोनेरी काम करणारे, रेघा आखणारा जदवलकश आणि जिल्द बांधणारे यांची कामे निरनिराळी नोंदवलेली आहेत. त्या कागदाला ‘अर्जदाश्त’, म्हणजे वरिष्ठाला सादर केलेले निवेदन, म्हणतात. पेशवे दफ्तरातील ‘अर्जदास्त’ वाचलेल्या मराठी वाचकाला या शब्दाची ओळख करून देण्याची गरज नाही.

आता जिल्द. अरबीत ‘जिल्द’ म्हणजे त्वचा, कातडे. त्यावरून ‘तज्लीद’ म्हणजे कातड्याने मढवणे, बांधणे. बांधणारा तो ‘मुजल्लिद’. आणि बांधलेला ग्रंथ, म्हणून खंड, तो ‘मुजल्लद’. फारसीत आणि नंतर हिंदुस्थानात ‘जिल्द’ या एकाच शब्दाने बांधणी आणि खंड हे दोन्ही अर्थ घेतले. तेव्हा वाचकाने दिलेले तिन्ही अर्थ खरे आहेत. फक्त ते एकाच भाषेत आणि एकाच काळी सारखे चालत नाहीत. गंमत अशी, की इस्लामी जगाच्या पश्चिम टोकाला, म्हणजे मोरोक्को आणि स्पेनच्या बाजूला, या कामाला कातड्यावरून नाव न देता ‘सिफ्र’ म्हणजे ग्रंथ यावरून ‘तस्फीर’ म्हणत. तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात वारलेला बक्र अल-इश्बीली, म्हणजे सेव्हिलचा बक्र, याने बांधणीच्या हुन्नरावर लिहिलेल्या ग्रंथाच्या नावात तस्फीर हाच शब्द आहे. त्याआधी अकराव्या शतकात उत्तर आफ्रिकेतील झीरी राजा मुइज्ज इब्न बादीस याच्या नावावर असलेल्या ग्रंथात शाई, रंग आणि सोने यांच्या कृतींबरोबर बांधणीचेही प्रकरण आहे.

मराठीत या विषयाचे शब्द तोकडे का पडतात, याचे कारण आपल्या लेखनपरंपरेत आहे. आपली पोथी बहुतेक सुट्या आडव्या पानांची, दोन फळ्यांमध्ये ठेवून रुमालात बांधलेली. ‘बांधणे’ तेथे गाठ मारण्यापुरते. शिवलेले असते ते बाड, पण त्यालाही पुठ्ठ्याची, कातड्याची रचना बहुधा नसे. इस्लामी ग्रंथ मात्र शिवलेल्या जुड्यांचा असतो. दुमडलेले ताव, बहुधा पाच-पाच, एकात एक घालून जुडी करायची, जुड्या साखळीच्या टाक्याने एकमेकींना शिवायच्या, पाठीवर कापड चिकटवायचे, दोन्ही टोकांना रेशमी धाग्याची वेणी घालायची, आणि मग कागदावर कागद खळीने चिकटवून केलेल्या पुठ्ठ्यांवर कातडे, बहुधा शेळीचे, चढवायचे. छापखान्यातल्या मंडळींना जुडी म्हणजे ‘फर्मा’ हे लगेच कळेल. जुडीला फारसी-उर्दूत ‘जुज’ म्हणतात आणि शिवण्याला ‘जुजबंदी’. जुज म्हणजे भाग, अंश. ‘जुजबी रक्कम’ म्हणताना आपण तोच अंश मोजत असतो. कुराणाच्या तीस भागांपैकी प्रत्येक भागालाही जुजच म्हणतात, त्यामुळे अनुवादात जुज हा शब्द आला तर तो शिवणीचा आहे की पारायणाचा हे संदर्भावरून ठरवावे लागते.

या बांधणीची युरोपीय बांधणीहून वेगळी अशी तीन लक्षणे वर्णनांत हमखास येतात. पाठ सपाट असते, तिच्यावर उंचवटे नसतात. पुठ्ठे पानांच्या कडेबरोबर संपतात, बाहेर येत नाहीत. ग्रंथ उभा न ठेवता आडवा ठेवत, त्यामुळे ते चालते, आणि नाव पाठीवर न लिहिता बहुधा पानांच्या खालच्या कडेवर लिहीत. तिसरे लक्षण म्हणजे मागच्या पुठ्ठ्याला जोडलेली पंचकोनी पाळ, जी पानांच्या कडेवरून वळून पुढच्या पुठ्ठ्याखाली जाते. हिला अरबीत ‘लिसान’, म्हणजे जीभ म्हणतात. ‘फ्लॅप’ असे न लिहिता ‘जीभ’ लिहावे, किंवा वाचक बिचकेल असे वाटल्यास ‘जिभेसारखी झडप’ लिहावे.

पुठ्ठ्यावरच्या नक्षीचा मधला बदामी आकार फारसीत ‘तुरंज’, म्हणजे महाळुंग, या नावाने ओळखला जातो, आणि कोपऱ्यांतल्या त्रिकोणी नक्षीला, त्रिकोणी डोईरुमालावरून, ‘लचक’ म्हणतात. तुरंज हा शब्द आपल्या किनाऱ्यावरही आहे: गोव्यात चतुर्थीला गणपतीच्या डोक्यावर फळांची माटोळी टांगतात, तिला बांधतात ते ‘तोरंज’ त्याच घरातले, फक्त तेथे ते पपनसाला लागले आहे. तेव्हा ‘बदामी पदक’ असा शब्द घडवण्यापेक्षा तुरंज ठेवावा. ही नक्षी तापवलेल्या धातूच्या ठशांनी दाबून उठवतात, कधी सोने भरून, कधी कोरीच. कोऱ्या दाबाला ‘अंध’ हे इंग्रजी ‘ब्लाइंड’चे शब्दशः विशेषण मराठीत लावू नये, ‘सोन्याविना दाबलेली नक्षी’ म्हटले की काम भागते.

राहता राहिली ‘चामडी जिल्द’. अरबीच्या दृष्टीने ही द्विरुक्ती आहे, आणि ‘कापडी जिल्द’ तर विसंगतीच. पण शब्द ज्या भाषेत राहायला येतो तिचे नियम पाळतो, आणि आपल्याकडे जिल्द म्हणजे बांधणी असल्यामुळे ती चामड्याची आहे की कापडाची हे सांगणे आवश्यकच आहे. शब्द स्त्रीलिंगी वापरावा, अनेकवचन ‘जिल्दी’. मात्र एकाच मजकुरात तो बांधणी आणि खंड अशा दोन्ही अर्थांनी वापरू नये: ‘सातव्या जिल्दीची जिल्द’ वाचणाऱ्याला ‘सातव्या खंडाची चामडी जिल्द’ हे अधिक लवकर समजते, आणि जेथे मूळ बांधणी जाऊन नंतरची आलेली आहे तेथे ‘जिल्द नंतरची’ असे दोन शब्दांत नोंदवता येते.