टॉप-अप कर्जाआधी बिल्डरला पत्र पाठवा

धायरीच्या एका वाचकांचे पत्र आले आहे. त्यांच्या फ्लॅटमध्ये दर पावसाळ्यात बेडरूमच्या बाहेरच्या भिंतीला ओल येते आणि बाथरूमचे पाणी खालच्या घराच्या छतातून टपकते. कंत्राटदाराने दुरुस्तीचा खर्च ६ लाख सांगितला आहे. बँकेच्या अधिकाऱ्याने ९.५ टक्क्यांनी १० लाखांचे टॉप-अप कर्ज, म्हणजे चालू गृहकर्जावर वाढीव कर्ज, सुचवले असून, त्यातले ४ लाख एकरकमी युलिपमध्ये (विमा आणि बाजाराशी जोडलेली गुंतवणूक एकत्र असलेल्या पॉलिसीत) घातल्यास १५ टक्के परताव्यातून हप्ता निघेल, असे सांगितले आहे. कर्जाची मुदत १० वर्षे ठेवावी की १५, एवढाच त्यांचा प्रश्न आहे. शेवटी जाता जाता ते लिहितात, ‘ताबापत्रात वॉरंटी दोनच वर्षांची आहे. तरीही बिल्डरच्या साइट इंजिनिअरला फोन केला, तेव्हा दिवाळीनंतर पाहू, असे तो म्हणाला. येत्या सप्टेंबरअखेर ताब्याला पाच वर्षे होतील.’

आपल्या पत्रातले सर्वांत महागडे वाक्य हे शेवटचे आहे, आणि त्याबद्दल आपण काहीच विचारलेले नाही. रेरा, म्हणजे घरखरेदीदारांच्या संरक्षणासाठीच्या स्थावर मालमत्ता कायद्याच्या कलम १४(३) नुसार ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामातील, कारागिरीतील किंवा दर्जातील दोष निदर्शनास आणून दिला, तर बिल्डरने तो ३० दिवसांत, एक रुपयाही न घेता दुरुस्त करून द्यायचा असतो; तसे न केल्यास आपण भरपाईस पात्र ठरता. ताबापत्रात दोन वर्षे छापली म्हणून कायद्याने दिलेली पाच वर्षे कमी होत नाहीत. दिवाळीपर्यंत थांबलात, तर मात्र ती मुदत उलटून गेलेली असेल आणि आपण वेळेत कळवले होते, हे सिद्ध करायला हातात एका फोनखेरीज काही नसेल.

म्हणून याच आठवड्यात बिल्डर कंपनीच्या नोंदणीकृत पत्त्यावर स्पीड पोस्टाने पत्र पाठवा, पोहोच जपून ठेवा आणि तेच पत्र ईमेलनेही पाठवा. त्यात ‘गळती आहे’ एवढेच लिहून भागणार नाही. कोणत्या खोलीची कोणती भिंत, बीम आणि भिंतीच्या सांध्यावर आडवी भेग आहे का, बाथरूमच्या कोणत्या कोपऱ्याखाली शेजाऱ्यांच्या छताला डाग पडला आहे, हे तारखेसह फोटो जोडून मांडा. बाहेरची भिंत सामायिक असल्याने सोसायटीनेही स्वतंत्र पत्र द्यावे.

पत्रापूर्वी फरशी मात्र उखडू नका. एकदा नवे वॉटरप्रूफिंग झाले की मूळ दोष दाखवायला काही उरत नाही. शिवाय परवानगीशिवाय बाथरूममध्ये बदल केल्यास बिल्डरची जबाबदारी संपते, अशी अट अनेक करारांत असते. आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून पाहणी करून लेखी अहवाल घ्या. त्याचे शुल्क ६ लाखांपुढे किरकोळ आहे. ३० दिवसांत काम झाले नाही, तर महारेराकडे, म्हणजे या कायद्याखालील राज्याच्या प्राधिकरणाकडे, तक्रार करा. तिचे शुल्क ५,००० रुपये आहे. निकालाला वेळ लागू शकतो, त्यामुळे भरपाईची रक्कम आजच्या हिशेबात धरू नका.

आता कर्जाकडे वळू. १० लाखांचा १० वर्षांचा हप्ता सुमारे १२,९०० रुपये, म्हणजे एकूण परतफेड साडेपंधरा लाख. त्यातल्या युलिपच्या ४ लाखांचाच हप्ता ५,२०० रुपये होतो. युलिपमधून पहिली पाच वर्षे पैसे काढता येत नाहीत, आणि तोवर आपण याच ४ लाखांपोटी ३ लाखांहून अधिक हप्ते खिशातून भरलेले असतील. मग ‘परताव्यातून हप्ता निघेल’ हे त्या अधिकाऱ्याने कोणत्या हिशेबाने सांगितले? १५ टक्क्यांची हमी कोणतीही युलिप देत नाही, कर्जाचे ९.५ टक्के मात्र दरमहा ठरलेले आहेत. गळक्या घराच्या काळजीत असलेल्या माणसाला कर्ज काढून विमा घ्यायला लावणे हे मला अक्षम्य वाटते.

१० वर्षे की १५, हा प्रश्न त्यामुळे तूर्त उद्भवतच नाही. आपल्याकडे अडीच लाखांची मुदत ठेव आहे, असे आपण लिहिले आहे. खालच्या घराचे नुकसान थांबवण्यासाठी बाथरूमचे काम खरोखर अडून राहिले, तर पाहणीचा अहवाल हाती आल्यावर आणि बिल्डरला लेखी कळवून तेवढेच काम ठेवीतून करा व सगळी बिले भरपाईच्या मागणीसाठी ठेवा. युलिपच्या अर्जावर सही करून बसला असाल, तर पॉलिसीचा दस्त हाती पडल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते. ती लेखीच परत करा.