पेले भरणारे हात

प्रश्न : आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, प्रभुभोजनाची, येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण करणाऱ्या विधीची, तयारी माझ्याकडे असते. भाकरीचे तुकडे करायचे, पेले धुवायचे, द्राक्षारस ओतायचा, शेवटी सगळं आवरायचं. सुरुवातीला ती भाकर हातात घेताना ऊर भरून यायचा. आता पाळक 'हे माझे शरीर आहे' म्हणतात तेव्हा मी मनात पेले मोजत असते. पुरतील ना? मागच्या बाकांवर पाहुणे किती? परवा बायबलमधला उज्जाचा अध्याय वाचला आणि पोटात गोळाच आला. देवाच्या कोशाला, त्या पवित्र पेटीला, त्याने हात लावला आणि तो जागीच मेला. माझंही तसंच होतंय का? हे काम सोडून द्यावं का?
– एक भगिनी

उत्तर : ताई, प्रभूमध्ये सलाम. काम सोडू नका.

आधी उज्जाचं बघू. कोश त्याच्या बापाच्या, अबीनादाबाच्या घरी बरीच वर्षं होता, म्हणून सवयीने त्याचा धाक गेला, असं आम्ही प्रवचनात सांगतो. 2 शमुवेल 6 मध्ये असं कुठेही लिहिलेलं नाही. ते आमचं अनुमान. लिहिलंय ते असं, की कोश गाडीवर ठेवला होता आणि त्याला हात लावल्याच्या अपराधाबद्दल देवाने उज्जाला मारलं. नियमशास्त्राप्रमाणे कोश दांड्यांनी, लेव्यांच्या, म्हणजे देवाच्या सेवेसाठी नेमलेल्या वंशातल्या लोकांच्या, खांद्यावरून न्यायचा होता. गाडीवर घालून तो इस्राएलाच्या शत्रूंनी, पलिष्ट्यांनी, पाठवला होता, आणि इस्राएलानेही तेच केलं. पण पुढचं वाचून पुस्तक मिटा. तोच कोश नंतर ओबेद-अदोमाच्या घरी तीन महिने राहिला आणि देवाने त्या घराला आशीर्वाद दिला. म्हणजे पवित्र वस्तू घरात असणं, रोज नजरेस पडणं, हा काही गुन्हा नव्हे. कोश आणवणाऱ्या दावीद राजानेही त्याचा नाद सोडला नाही. दुसऱ्या वेळी लेव्यांना बोलावून तो खांद्यावरून आणवला.

ऊर भरून येत नाही, याचं फार मनावर घेऊ नका. ओढूनताणून आणलेलं भय उपासनेत लगेच कळतं, आवाज तेवढा जड होतो. आणि हे तुमच्यापेक्षा आम्हा व्यासपीठावरच्यांना जास्त जडतं, बरं का. प्रार्थना चालू असताना पुढच्या गीताचा क्रमांक चाचपणारी बोटं मी पुष्कळ पाहिली आहेत.

आता तुमचे पेले. प्रभूच्या मेजाचा अनादर झाला म्हणून प्रेषित पौल ज्यांना सर्वांत कडक बोलला, ते करिंथकर, म्हणजे करिंथ शहरातल्या मंडळीचे लोक, काय करत होते? 1 करिंथ 11 पुन्हा वाचा. जो तो आपलं जेवण आधी उरकत होता; एक उपाशी, दुसरा पिऊन मस्त. ज्यांच्यापाशी काही नाही त्यांना तुम्ही लाजवता, असं पौल म्हणतो, आणि उपाय सांगतो तो साधा : एकमेकांची वाट पाहा. मागच्या बाकावरच्या पाहुण्याला मिळेल की नाही, ही काळजी त्या मंडळीत कोणालाच नव्हती. ती तुम्हाला आहे. तिला अनादर म्हणायला माझी जीभ धजत नाही.

तरी मोजण्याची वेळ चुकते आहे, हे खरं. मोजायचं ते उपासनेआधी मोजा, चार पेले जास्तीचे भरून ठेवा. मग वचन वाचलं जाईल तेव्हा हात मोकळे असतील. ओतताना तोंडाने काही म्हणावंसं वाटलं, तर ज्यांच्यासाठी भरता त्यांची नावं घ्या. लांब प्रार्थना नको.

जवळीक आणि धाक एकत्र नांदतात का, असंही तुमच्या मनात असेल. परंपरा ज्याला प्रकटीकरणाचा, बायबलच्या शेवटच्या पुस्तकाचा, लेखक मानते तो येशूचा शिष्य योहान घ्या. भोजनाच्या वेळी प्रभूच्या उराशी टेकलेला तोच, आणि पात्म बेटावर प्रभूला दृष्टान्तात पाहून मेल्यासारखा त्याच्या पायांजवळ पडलेलाही तोच. 'भिऊ नकोस' म्हणत उजवा हात ठेवला गेला, तो त्या पडलेल्या माणसावर.

अजून एक. अधूनमधून एखाद्या रविवारी तबक दुसऱ्या कोणाच्या हाती द्या आणि बाकावर बसून नुसतं घ्या. पाळकांना मात्र आधी सांगून ठेवा, नाहीतर ऐनवेळी ते तुम्हालाच शोधत येतील.