जर्मनीच्या गाड्या लेट आणि शेजारच्या स्वित्झर्लंडच्या राइट टाइम, असं का?

तुम्ही लिहिलंय की शिकायला जर्मनीतल्या फ्रायबुर्गला चाललाय आणि तिथल्या सीनियरनं बजावलंय, जर्मनीच्या गाड्यांवर विसंबू नको, स्वित्झर्लंडच्या मात्र घड्याळ लावून येतात. जर्मन माणूस शिस्तीचा म्हणतात, मग हे कसं?

शिस्तीचा संबंध कमी, लूप लाइनचा, म्हणजे गाडी बाजूला घ्यायच्या जादा रुळाचा, जास्त. मी कोल्हापूरचा. लहान स्टेशनांवर मास्तरकी करण्यात नोकरी गेली. माझ्या वेळी इकडचा मार्ग एकेरी होता. कोल्हापूरहून राइट टाइम सुटलेली गाडी हातकणंगल्याला क्रॉसिंगसाठी लूपवर घ्यायची, समोरची आली की सोडायची. समोरची वीस मिनिटं लेट, तर हिचीही वीस मिनिटं गेली. मिरजेला पोचेपर्यंत हिचा पाथ, म्हणजे रुळावरची नेमून दिलेली वेळ, दुसऱ्याला दिलेला, मग पुढं मालगाडीच्या मागं रडतखडत. चूक कुणाची? डब्यातल्या माणसांना विचाराल तर मास्तरची.

जर्मनीत मुख्य मार्ग दुहेरी आहेत, पण त्याच दोन रुळांवर सुपरफास्ट, लोकल आणि मालगाडी, तिन्ही. जलद गाडीला पुढं काढायचं तर हळू गाडीला बाजूला घ्यायला जागा लागते. नेमकी तीच जागा त्यांनी कमी केली. १९९४ साली पूर्व आणि पश्चिम जर्मनीच्या दोन्ही रेल्वे एकत्र करून सरकारी मालकीची कंपनी केली आणि पुढं तिचे शेअर बाजारात विकायचं ठरवलं. २००८ च्या मंदीत ती विक्री बारगळली, पण ताळेबंद सुंदर दिसावा म्हणून छाटणी आधीच होऊन गेली होती. रोज न लागणारा पॉइंट (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर नेणारा सांधा) म्हणजे तेल, तपासणी, माणसं, सगळा खर्चच. काढा. लूपही काढा. कागदावर बचत होते आणि लेट गाडीला सावरायची सोय जाते.

त्यात आणखी एक मेख. बरीच वर्षं देखभालीचा खर्च कंपनीच्या खिशातून आणि जुनं काढून नवं बसवायचं तर बराचसा पैसा सरकारचा, असं होतं. मग पूल वेळेवर दुरुस्त कोण करणार? मोडकळीला आला की सरकार नवा बांधून देतंय की! आपल्याकडं भाड्याच्या घराची कौलं कुणी परतायची यावरून जे चालतं, तेच.

आकडे सांगतो, पण जपून वाचा. २०२४ मध्ये जर्मनीच्या लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी ६२.५ टक्के वेळेवर होत्या आणि तिथं सहा मिनिटांच्या आतला उशीर वेळेवरच धरतात. रद्द झालेली गाडी हिशोबातच नाही. स्वित्झर्लंडमध्ये सूट तीनच मिनिटांची, तरी ९३ टक्क्यांच्या आसपास. मात्र स्विस आकड्यात सगळ्या प्रवासी गाड्या येतात आणि जर्मनीच्याही जवळच्या गाड्या ९० टक्क्यांच्या घरात असतात, म्हणजे दरी दिसते तेवढी खोल नाही. पैशाचं म्हणाल तर २०२३ मध्ये रेल्वेच्या पायाभूत कामांवर दरडोई सरकारी खर्च जर्मनीत ११५ युरो, ऑस्ट्रियात ३३६, स्वित्झर्लंडमध्ये ४७७. डोंगर पोखरायचे तर खर्च जास्त येणारच, हे खरं. पण फरक चौपट आहे.

आणि नुसता पैसा नाही, मला तर त्यांच्या कामाचा क्रम आवडतो. १९८७ साली स्विस लोकांनी मतदान करून 'रेल्वे २०००' ही योजना मंजूर केली. आधी वेळापत्रक काढलं: मोठ्या स्टेशनांत चारी दिशांच्या गाड्या तासाच्या ठोक्याआधी येणार आणि ठोक्यानंतर सुटणार, म्हणजे एकीतून उतरून दुसरी पकडता येते. मग त्यासाठी कुठं किती मिनिटं वाचवायला हवीत ते पाहिलं. झुरिच-बर्न तासाच्या आत बसत नव्हतं, म्हणून साधारण ४५ किलोमीटरचा नवा मार्ग बांधला. डिसेंबर २००४ पासून ते अंतर ५६ मिनिटांचं झालं. त्याहून जलद करायच्या नादी ते लागले नाहीत, कारण लागतच नव्हतं. आपण आधी गाडी जाहीर करतो आणि पाथ नंतर शोधतो. पुढं २०१४ मध्ये पुन्हा मतदान घेऊन रेल्वेसाठी कायमचा निधीच वेगळा काढला, म्हणजे मंत्री बदलला तरी काम थांबत नाही.

तुमचं फ्रायबुर्ग नेमकं दुखऱ्या जागी आहे. ते ज्या मार्गावर आहे तो, जर्मनीतल्या कार्ल्सरुहपासून सीमेवरच्या स्विस बासेलपर्यंतचा, चार रुळांचा करून आल्प्स डोंगराखालच्या स्विस गोथार्ड बोगद्याला जोड द्यायची, असा करार दोन्ही देशांनी १९९६ मध्ये केला. स्विसांनी ५७ किलोमीटरचा बोगदा २०१६ मध्ये उघडला. जर्मनीकडचं चौपदरीकरण अजून अपुरंच. २०१७ च्या ऑगस्टमध्ये याच मार्गावर रास्टाटला नव्या बोगद्याच्या खोदाईत वरचे चालू रूळ खचले आणि मार्ग सुमारे सात आठवडे बंद पडला. म्हणून आता जर्मनीहून जास्त लेट आलेली गाडी स्विस लोक बासेललाच संपवतात आणि पुढं स्वतःची गाडी सोडतात. मला हे कडक वाटतं, पण मास्तर म्हणून मीही तेच केलं असतं. एका गाडीपायी अख्खा सेक्शन कोण बिघडवून घेईल?

जर्मनीनं आता रेल्वेवरच्या खर्चाला हात सैल सोडलाय. पण रूळ बदलायचे तर ब्लॉक घ्यावा लागतो. २०२४ मध्ये फ्रँकफुर्ट-मानहाइम हा ७० किलोमीटरचा मार्ग पाच महिने पूर्ण बंद ठेवला होता. तुमच्या शिक्षणाच्या काळात उशीर कमी होईल, अशी आशा धरू नका.

तेव्हा झुरिचला जाताना बासेलची जोडगाडी अगदी लगतची धरू नका, मधे एक गाडी सोडून पुढची धरा. एकाच तिकिटावर बदल असेल आणि पोचायला वीस मिनिटांहून जास्त उशीर होणार असं दिसलं, तर जर्मनीत ठरावीक गाडीचं बंधन सुटतं, मिळेल त्या गाडीत बसा. तासाभराच्या उशिराला भाड्याचे २५ टक्के परत मिळतात, दोन तासांना ५०. अर्ज मोबाइलवरून होतो.