रिंग बसवली आणि काच धुरकटली

प्रश्न : बाइकच्या हेडलाइटमध्ये पांढरी एलईडी रिंग बसवून घेतली. पहिल्याच पावसात काचेला आतून दव धरलं. काय करू? – एक वाचक, मालवण

उत्तर : काच परत चिकटवताना आंबूस वासाचं साधं सिलिकॉन वापरलं असेल तर आधी ते खरवडून काढा. सुकताना त्यातून ॲसिटिक आम्लाची वाफ सुटते. रिफ्लेक्टर आणि तांब्याच्या तारा खराब होतात. काच हेअर ड्रायरने गरम करून सोडवा, खाच पुसा, नवी ब्यूटाइल (चिकट रबरी) पट्टी सलग फिरवा. मागचं हवेचं छिद्र मात्र बुजवू नका, आतली वाफ तिथूनच जाते. वायरला बाहेर थोडा झोळ द्या, म्हणजे पाणी खालीच गळेल. आपल्या खाऱ्या हवेत पिळून टेप गुंडाळलेला जोड हिरवा पडतोच; सोल्डर करून आत गोंद असलेली हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळणारी) नळी चढवा. रिंगच्या वायरला १ अँपिअरचा फ्यूज हवाच.